संध्याकाळी सहाचं कॉलेज

गेल्या वर्षी जून-जुलैत आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटं कमी आणि कागद जास्त होते. लेकीनं, राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घेतल्या होत्या आणि झेरॉक्सवाल्याकडून त्यांच्या प्रती काढून आणल्या होत्या. मोबाईलवर त्या रकान्यांमध्ये डोळे हरवतात, म्हणाली. पट्टी लावून एकेक ओळ वाचायची आणि पेन्सिलनं खूण करायची. त्या रकान्यांची एक वेगळीच लिपी असते. सुरुवातीला 'एल' म्हणजे मुलींसाठी राखीव जागा. शेवटी 'एच' म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेला विद्यार्थी, 'ओ' म्हणजे बाहेरचा. सांगलीची मुलगी पुण्याच्या कॉलेजच्या यादीत 'ओ' होते. ते अक्षर तिनं बोटानं दाखवलं आणि म्हणाली, "आई, अजून गेले पण नाही तर मी बाहेरची झाले."

तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचं होतं, ते पक्कं होतं. कुठं करायचं, ते मात्र सगळ्या गावानं ठरवायला घेतलं होतं. थोरले दीर म्हणाले, पुण्याबाहेर बघूच नका, कंपन्या तिथंच येतात. माझा भाऊ म्हणाला, मुंबई. शेजारच्या वहिनींच्या मुलाला 'चांगलं पॅकेज' मिळालेलं कॉलेज त्यांनी तीनदा सांगितलं. सगळे आपुलकीनंच सांगत होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण प्रत्येक जण नाव सांगत होता किंवा आकडा. मी लेकीला एकच विचारलं, "तिथं तू संध्याकाळी सहा वाजता कुठं बसशील?"

तिनं पट्टी खाली ठेवली. "म्हणजे?"

हा प्रश्न मला का पडतो, ते तिला तेव्हा पहिल्यांदा नीट सांगितलं.

१९९० साली मी बारावी झाले. तासगाव तालुक्यातलं गाव, घरात पुढं शिकणारी मी पहिली. वडिलांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी एका शहरातल्या कॉलेजचं नाव सुचवलं. नाव मोठं होतं. माहितीपुस्तिकेवरच्या फोटोत इमारत आणि तिच्यापुढं गुलमोहर होता. त्या फोटोवर आम्ही प्रवेश घेतला. बघायला कुणी गेलं नाही, कारण जाऊन बघायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. गुलमोहर शेजारच्या आवारातला निघाला. कॉलेज म्हणजे त्या इमारतीचे वरचे दोन मजले, खाली बँक. शिकवणारे सर-मॅडम चांगले होते, दोघं तर फार चांगले. पण साडेबाराला शेवटचा तास संपला की शिपाई एकेका वर्गाला कुलूप घालत जिन्याकडं यायचा आणि दीडला फाटक बंद व्हायचं. लायब्ररी म्हणजे एक खिडकी होती. चिठ्ठी आत सरकवायची, पुस्तक बाहेर यायचं. बसायची सोय नव्हती.

मी ज्या काकूंकडं राहायचे त्या मायाळू होत्या, पण घर दोन खोल्यांचं आणि माणसं सहा. संध्याकाळी दिवेलागण झाली की एका खोलीत स्वयंपाक आणि दुसऱ्या खोलीत टीव्ही. त्यांच्या मुलाला 'जरा आवाज कमी कर' म्हणायचा मला काय अधिकार? म्हणून मी पुस्तक घेऊन बाहेर पडायचे. देवळात बसून बघितलं, आरतीला उठावं लागायचं. बागेत एकटी मुलगी बसली की लोक बघायचे. शेवटी मला जागा सापडली ती एसटी स्टँडवर. सात नंबरच्या फलाटासमोर एक सिमेंटचा बाक होता, वर चांगली ट्यूबलाइट. स्टँडवर बसलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, ती गाडीची वाट बघतेय असंच सगळे धरून चालतात. सेंद्रिय रसायनशास्त्र मी त्या बाकावर शिकले. लाउडस्पीकरवर विटा, जत, मंगळवेढा अशी नावं ऐकू यायची आणि मी वहीत बेंझिनचे षट्कोन काढत असायचे.

पंधरा-वीस दिवसांनी खाकी कपड्यातले कंट्रोलर माझ्यापाशी आले. "पोरी, रोज बघतोय. तुझी गाडी कुठली?"

मला उत्तर देता येईना. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी वही वर धरली. त्यांनी वहीकडं बघितलं, काही न बोलता गेले. त्यानंतर त्या बाकावर कुणी दाटीवाटी करायला लागलं की खिडकीतून त्यांचा आवाज यायचा, "अहो, ती पोरगी अभ्यास करतीय, जरा सरकून बसा." त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ती चूक मला अजून लागते.

तीन वर्षं अशी काढून १९९३ साली मी एमएस्सीला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले. वसतिगृहात सामान टाकलं आणि पहिल्याच संध्याकाळी बाहेर पडले. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, लांबवर पसरलेला माळ. मुलं-मुली जागोजागी कट्ट्यांवर, पायऱ्यांवर, झाडांखाली बसलेली. कुणी वाद घालतंय, कुणी पाठ करतंय, कुणी नुसतंच बसलंय. मीही एका पायरीवर बसले, अर्धा तास, काहीही न करता. कुणी विचारलं नाही, तुझी गाडी कुठली.

ती जागा आपोआप तशी झाली नव्हती, हे मला पुढं कळलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं तेव्हा त्या भागाला सागरमाळ म्हणत, आणि माळ म्हणजे माळच. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या काळात त्या उघड्या माळावर इमारती उभ्या राहिल्या, झाडं लागली. आज साडेआठशे एकरांच्या त्या आवारात मोर हिंडतात. आपण कधी बसणार नाही अशी सावली कुणीतरी लावून ठेवली, म्हणून मला तिथं बसता आलं.

कोल्हापूर-साताऱ्याकडं हे शहाणपण फार जुनं आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. शाळा गावात होत्याच, पण खेड्यातल्या पोरानं रात्री पाठ टेकायची कुठं आणि दिवा कुणाचा वापरायचा, हा प्रश्न महाराजांनी आधी सोडवला. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्याला शाहू बोर्डिंग चालू केलं. तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. या माणसांना कळलं होतं की शिक्षण वर्गात जेवढं होतं त्याहून जास्त वर्गाबाहेर होतं, आणि त्या बाहेरच्या वेळेला छप्पर लागतं. आम्ही आज कॉलेज निवडताना तो भाग शेवटी बघतो, किंवा प्रवेश झाल्यावर.

हे सगळं ऐकून लेक म्हणाली, "मग बघायलाच जाऊ."

गेलो. रविवारी नाही, ओपन डेला तर नाहीच. कामाच्या दिवशी, आणि दुपारी तीननंतर पोचायचं असं ठरवून. ओपन डेला घर पाहुण्यांसाठी आवरलेलं असतं. मला ते रोजचं बघायचं होतं.

पुण्यात आधी सीओईपीला, तिथल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलो. तिचे पर्सेंटाइल तिथं पुरणार नव्हते, ते तिला माहीत होतं, पण १८५४ पासून चालू असलेली जागा कशी असते ते बघायचं म्हणाली. दगडी इमारती बघून झाल्या आणि आम्ही मुळा-मुठेकाठच्या बोट क्लबवर जाऊन थांबलो. चार-पाच मुलं-मुली एक उपडी ठेवलेली लांबट नाव घासत होती. हात राडेराड, शेजारी चहाचे कागदी पेले. त्यातली एक मुलगी लातूरकडची निघाली. लेकीनं तिला विचारलं, "याचे मार्क मिळतात?" ती हसली आणि म्हणाली, "मार्क कशाला? नाव आपलीच आहे." गाडीत बसल्यावर लेक बराच वेळ गप्प होती. इतकी वर्षं टिकलेली संस्था म्हणजे काय, ते तिला त्या नावेपाशी कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी पुण्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजात गेलो, त्याचं नाव इथं नको. आम्हाला बॅटरीच्या गाडीतून फिरवलं. काचेच्या भिंती, सभागृह, पोहण्याचा तलाव, कंपन्यांची बोधचिन्हं लावलेला मोठा फलक. समजावून सांगणारा मुलगा नम्र होता. लेकीनं मुलींचं वसतिगृह बघायचंय म्हटल्यावर तो थबकला. आज जमणार नाही, म्हणाला. मग लायब्ररी? ती बघितली, थंडगार आणि चकचकीत. मी एका कपाटातून केमिकलचं एक जाड पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं. तिथं परत करायच्या तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. एकही शिक्का नाही. दुसरं काढलं, कोरं. तिसऱ्यावर एक शिक्का, चार वर्षांपूर्वीचा. हल्ली बऱ्याच ठिकाणी नोंद संगणकावर होते, त्यामुळं नुसत्या चिठ्ठीवरून ठरवू नये हे मला कळतं. पण त्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. नवं पुस्तक उघडताना येतो तसा बारीक चरचर आवाज आला. ती लायब्ररी रात्री बारापर्यंत उघडी असते, असं त्या मुलानं अभिमानानं सांगितलं. लेकीनं विचारलं, "आणि मुलींचं हॉस्टेल किती वाजता बंद होतं?"

"साडेसात."

"मग मुलींची लायब्ररी साडेसातपर्यंतच, ना?"

त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि त्याचा त्यात दोषही नव्हता. पण माझ्या छातीत काहीतरी हललं. पस्तीस वर्षांपूर्वी मला दीडला बाहेर काढणारं फाटक होतं, आता साडेसातला आत कोंडणारं आहे. मुलींच्या सुरक्षिततेची काळजी मला नाही का? मी आई आहे. पण सुरक्षितता द्यायची तर रस्त्यावर दिवे लावा, लायब्ररी ते वसतिगृह पहारेकरी ठेवा, रात्रीची एक गाडी सोडा. कुलूप हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि त्याची किंमत फक्त मुली मोजतात. प्रत्येक कॉलेजात हा एक प्रश्न विचाराच, मुलाचे आईबाप असाल तरी विचारा. तुमच्या मुलाच्या बरोबरीनं शिकणाऱ्या मुलीला रात्री प्रयोगशाळेत थांबता येतं की नाही, यावरून ती संस्था विद्यार्थ्याला काय समजते ते कळतं.

पुण्यातल्या त्या दोन दिवसांत आणखी एक घोळ माझ्या लक्षात आला, तो कितीतरी घरांत होत असणार. 'मुलगा पुणे विद्यापीठात आहे' असं आपण सहज म्हणतो. विद्यापीठाचं आवार गणेशखिंडीत आहे, जुना गव्हर्नरचा वाडा, जयकर ग्रंथालय, ती सगळी गर्द झाडी. पण त्या विद्यापीठाची संलग्न कॉलेजं पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत पसरलेली आहेत. पदवीवर नाव विद्यापीठाचं येतं, चार वर्षं मात्र मूल कुठल्यातरी वेगळ्याच फाट्यावर असतं. त्यानं गणेशखिंडीत कधी पाऊलही ठेवलेलं नसतं. मुंबईच्या आयसीटीचं, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचंही तसंच. माटुंग्याला १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था, जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात, शास्त्रज्ञ माशेलकर तिथलेच. केमिकल म्हटलं की पहिलं नाव ते. पण २०१८ पासून तिचं एक आवार जालन्यालाही आहे. कुणी 'आयसीटी मिळालं' म्हटलं तर कुठलं, हे विचारायला हवं. जालना वाईट असं मी म्हणत नाही. कदाचित एखाद्या मुलाला माटुंग्याच्या गर्दीपेक्षा तेच मानवेल. पण फॉर्म भरताना नावापुढचं गाव वाचून भरावा, एवढंच.

सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज आमच्या उंबऱ्यातलं, १९४७ सालचं. तिथं जायला गाडी काढावी लागत नाही. विश्रामबागच्या त्या रस्त्यानं लहानपणापासून ती ये-जा करतेय. तिनं ते बाजूला ठेवलं, आणि कारण सांगितलं ते मला पटलं. "आई, तिथं गेले तर मी संध्याकाळी सहाला घरी असेन." ती घराला कंटाळली नव्हती. तिला तिची स्वतःची संध्याकाळ हवी होती. तिच्या बाबांना ते लागलं. दोन दिवस ते कमी बोलले. मग त्यांनीच कोल्हापूरला जायची गाडी काढली.

पैशाचंही बोलायला हवं, कारण त्याशिवाय ही निवड होत नाही. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून घेतलेला हवा. आम्ही त्यात बसलो. फी गेली म्हटल्यावर एक मोठं ओझं उतरलं आणि मग उरलेला खर्च उघडा पडला. खोली आणि जेवण. आवारात वसतिगृह मिळालं तर एक हिशेब, नाही मिळालं तर बाहेर कॉट बेसिसवर राहायचं, डिपॉझिट द्यायचं, मेसचा डबा लावायचा, तो वेगळाच. पुण्यात एका खोलीत चार कॉट बघितल्या आम्ही. दोन कॉटांमध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी जागा, अभ्यासाचं टेबल नाही. तिथल्या मुली कॉटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. मला काकूंचं दोन खोल्यांचं घर आठवलं.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा पावसाची भुरभुर होती. शिवाजी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात एक मॅडम प्रयोगशाळेतून बाहेर येत होत्या. आम्ही कोण, कुठून आलो ते सांगितल्यावर त्यांनी लेकीला आत नेलं. ऊर्ध्वपातनाचा काचेचा उभा स्तंभ, त्याला जोडलेल्या नळ्या, खाली सांडलेलं पाणी पुसायचं फडकं. फडकं ओलं होतं. मला ते फार आवडलं. उपकरणावर धूळ नव्हती, डाग होते. एका वहीत रीडिंग अर्धवट लिहून पेन तसाच ठेवलेला होता. लेक एकटीच त्या स्तंभापुढं उभी राहिली, आणि मी मुद्दाम बाहेर थांबले.

तिथून विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय. माझ्या वेळची ती पायरी आहे का बघत होते. दगड तेच वाटले, की मला तसे वाटायचे होते कोण जाणे. वसतिगृहाच्या बाहेर भेटलेल्या तीन मुलींना लेकीनं तासभर छळलं. मेसमध्ये भाकरी असते का, पाणी कधी जातं, आजारी पडलं तर कोण नेतं, कंपन्या किती येतात. कंपन्यांचं त्यांनी खरं सांगितलं. पुण्याएवढ्या येत नाहीत, आपल्यालाच धावपळ करावी लागते. ती बाजू कमी आहे आणि तिनं ती कमी म्हणूनच वहीत लिहिली. नोकरीची काळजी करू नकोस, असं मी तिला सांगितलं नाही. शेतीवर चालणाऱ्या घरात ते बोलणं शोभत नाही.

पर्यायांचा फॉर्म भरायच्या रात्री तिनं पट्टी, पेन्सिल, कागद सगळं पुन्हा मांडलं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. म्हणून पहिला आकडा टाकताना हात थरथरतो. थोरल्या दीरांचा फोन येऊन गेला होता. "पुणं मिळत असताना कोल्हापूर?" तिनं त्यांना नीट उत्तर दिलं, "काका, मी दोन्हीकडं बसून आलेय." मग माऊस धरला. कोल्हापूर पहिलं. पुण्याची दोन कॉलेजं त्याच्या खाली. ओटीपी आला, तिनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि फॉर्म लॉक केला. तिचे बाबा दारात उभे होते. "झालं?" एवढंच म्हणाले आणि आत जाऊन तिच्यासाठी दूध गरम करून घेऊन आले.

पहिल्याच फेरीत लागलं. तिला सोडायला गेलो तेव्हा मी बरोबर गादी, बादली, चटणीचा डबा आणि एक चांगला टेबललॅम्प नेला होता. लॅम्प तिनं परत पाठवला. लागणार नाही म्हणाली.

पहिला आठवडा मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला राहवलं नाही.

"कुठं आहेस?"

"बसलेय."

"कुठं?"

"पायरीवर. अशीच."

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून एक लांब, चिरत जाणारा आवाज आला. मी दचकले. "काय झालं गं?"

"काही नाही, मोर. इथं रोजच ओरडतो." मग तिच्या बाजूला कुणीतरी हाक मारली, ती फोनवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि परत आली. "आई, ठेवते. आत जागा धरून ठेवलीय, पाच मिनिटांनी दुसरं कुणी बसेल."